डावं पान आधी

रामटेकेकाकांनी मला निदान दोनशे वेळा गप्प बसवलं असेल. मी त्यांना एकदाच गप्प बसवलं. त्या एका वेळेबद्दलच लिहायचं आहे. पण मी पडलो मूळचा वक्ता, त्यामुळे मुद्द्यावर यायला उशीर करणार. काका असते तर एव्हाना घंटी वाजली असती.

ही घंटी खरोखरीची. सरकारी कचेरीत साहेबाच्या टेबलावर शिपायाला बोलवायला असते तशी, पालथ्या वाटीसारखी, वर बटण. काका दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. ऑफिसच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली आणि मोठ्या रुमालात बांधून सगळीकडे न्यायला सुरुवात केली. “शिपाई काय, उठून हाक मारली तरी येते बिचारा,” ते म्हणायचे. “हे यंत्र माणसाला बोलवायला नाही, थांबवायला बरं.”

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो थांबवला जाण्यासाठीच. करोलबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही तेव्हा नुकतेच गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. चौथा मजला, लिफ्टच्या जागी लिफ्टची विहीर, आणि पाणी टँकरने. मी अकरावीत. टँकरच्या प्रश्नावर खाली पार्किंगमध्ये सभा भरली आणि मोठ्या माणसांच्या त्या सभेत मी आपण होऊन उभा राहिलो. सिंधू संस्कृतीतल्या सांडपाण्याच्या व्यवस्थेपासून सुरुवात केली. गंगेच्या खोऱ्यात पोचलो असेन, एवढ्यात ‘टिंग टिंग’ झालं. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्यावर हाताने विणलेला स्वेटर, असे एक किडकिडीत गृहस्थ किल्लीच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, “पाच मिनिटं झाली.”

“पण काका, मुद्दा अजून यायचाय!”

“मलेही तेच वाटून राहिलं होतं.”

सगळी सभा हसली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. सभा संपल्यावर त्यांनी मला बोलावलं. “आवाज चांगला आहे तुझा. त्यात काही भरायचं असलं तर रविवारी ये. वही आण.”

त्या वहीची एक पद्धत होती. आमच्या भागातल्या मराठी मंडळाची दर संक्रांतीला विद्यार्थ्यांची वादविवाद स्पर्धा व्हायची. त्यासाठी आम्ही सात-आठ पोरं रविवारी सकाळी रामटेक्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायचो. वही उघडली की डावं पान समोरच्या पक्षाचं, उजवं आपलं. डावं पान पूर्ण भरल्याशिवाय उजव्या पानाला पेन लावायचं नाही. आणि नुसतं भरून भागत नसे. उभं राहून समोरच्याची बाजू पाच मिनिटं मांडायची, चार मिनिटांना एक घंटी, पाचला दोन. “त्याले वाटलं पाहिजे, का याने माझ्यापेक्षा माझं चांगलं मांडलं. मग तुला त्याला खोडायचा हक्क. त्याआधी नाही.”

विषय तेच, जे सगळ्या स्पर्धांत असतात. दूरदर्शन शाप की वरदान, हुंडा, संगणकामुळे बेकारी वाढेल का, परदेशी कंपन्या याव्यात की येऊ नयेत. ‘स्त्रियांनी नोकरी करू नये’ हे माझं डावं पान मी घरी आरशासमोर इतक्या तळमळीने तयार केलं, की शाळेत नोकरी करणाऱ्या माझ्या आईने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. “वक्त्यांनी पोळ्या लाटाव्यात,” म्हणाली. परदेशी कंपन्यांच्या विरोधात तर मी असा बोललो, की पहिलं बक्षीस मिळालं. त्या आनंदात बाहेर येऊन मी टपरीवर नव्यानेच आलेलं परदेशी शीतपेय मागवलं. बाटली तोंडाला लावतो तर समोर काका. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “भाषण गाळून पिऊन राहिला का तसंच?”

टाळ्यांचा त्यांना भरवसा नव्हता. “टाळी म्हणजे टँकर. आज आला, उद्या नाही. त्यावर घर चालत नाही, बाप्पा.” मला मात्र टाळीची तहान होती. माझ्या वहीतली डावी पानं अर्धीमुर्धी असत, आणि उजवी शोभेच्या दारूने भरलेली. अगदी उलट सुजाताचं. सुजाता ही काकांची मुलगी, माझ्याहून एक वर्ष लहान. तिचं डावं पान ऐकताना कधीकधी वाटायचं, की आता हिने इथेच थांबावं, आपल्याला पटलंय. तिला डॉक्टर व्हायचं होतं. सोसायटीतल्या कुणालाही ताप आला की ती थर्मामीटर घेऊन हजर. मला तर एकदा तिने नाडी बघून सांगितलं होतं, “शिरीष, तुझं बाकी सगळं ठीक आहे. फक्त तोंड ओव्हरटाइम करतं.”

काका भंडाऱ्याकडचे. घर बौद्ध. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, शेजारी काकांच्या वडिलांचा धूसर फोटो. वडील विड्या वळायचे. हे सगळं मला माहीत होतं, म्हणजे दिसत होतं. आमच्या घरी ते ‘ते लोक आपल्यासारखेच आहेत हं अगदी’ या वाक्यात बसवलेलं होतं, आणि त्या वाक्यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षं लागली.

मी कॉलेजात गेलो त्या सुमाराला राखीव जागांवरून दिल्ली पेटली. बसच्या काचा फुटल्या, कॉलेजं बंद पडली, कँटीनमध्ये कालपर्यंत एका बशीत समोसा खाणारी मुलं वेगळ्या टेबलांवर बसायला लागली. सगळं जरा निवल्यावर, संक्रांतीच्या स्पर्धेसाठी मंडळात कुणीतरी तोच विषय सुचवला. अध्यक्षांनी घाबरून काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “घ्या ना. पाहुणा घरात येऊन बसलाच आहे, तर त्याला खुर्ची तरी द्या.”

चिठ्ठ्या निघाल्या. सुजाताला ‘असाव्यात’, मला ‘नसाव्यात’. म्हणजे नियमाप्रमाणे माझं डावं पान ‘असाव्यात’चं. रविवारी मी ते उभं राहून वाचलं. दोन मिनिटांत संपलं.

“एवढंच?” काका म्हणाले. “हे तर माझा विरोधक बोलून राहिला. माझ्या बाजूचा माणूस कुठे आहे यात?”

बाकीची मुलं गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. सुजाता क्लासला गेली होती. काकू आत पोहे करत होत्या. मला काही सुचेना, म्हणून मी अगदी निरागस चेहरा करून विचारलं, “काका, तुम्हीही नोकरीत कोट्यातूनच आलात ना? त्याचं सांगा ना काहीतरी. उदाहरण होईल.”

काका बोलायच्या आत काकू झारा घेऊन बाहेर. “कायचं कोट्यातून! यांचं नाव तर जनरलच्या यादीत होतं. वरून सातवं!”

टिंग टिंग. घरात, काकूंवर, ती घंटी वाजलेली मी पहिल्यांदाच पाहिली. काकू आत गेल्या. काका थोडा वेळ घड्याळाला किल्ली देत बसले.

“हे बाहेर बोलायचं नाही, शिरीष. सुजाताले पण माहीत नाही.”

“पण का? ही तर अभिमानाची गोष्ट आहे!”

“कोणाच्या?” ते म्हणाले. “मी सांगितलं, की लोक म्हणणार, पाहा, हा स्वतःच्या हिमतीने आला. मग माझा धाकटा भाऊ राखीव जागेतून मास्तर झाला, तो कोणाच्या हिमतीने आला? माझ्याहून हुशार आहे तो. आम्ही दोघं एकाच कंदिलाशी बसायचो. कंदील मधोमध ठेवला तर दोघांच्याही वहीवर सावली यायची, म्हणून तो माझ्याकडे सरकवायचा. मोठा भाऊ ना मी. माझ्या सातव्या नंबरात त्याचा उजेड आहे. हे मी कोणाला सांगत फिरू?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सुजाताचा यंदा मेडिकलचा फॉर्म आहे. आरक्षणाच्या रकान्यात ती खूण करणार, खाली मी सही करणार. त्या खुणेची तिला लाज वाटायला नको. बाप उडी मारून गेला नि आपण जिन्याने चढलो, असं तिला एक दिवसही वाटायला नको. समजलं?”

“समजलं,” मी म्हणालो. “लिहून घे डाव्या पानावर,” ते म्हणाले, “कंदिलाचं. नावागावाशिवाय.”

मी लिहून घेतलं. माझ्या वहीतलं सर्वांत चांगलं डावं पान ते.

स्पर्धा कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या हॉलमध्ये होती. थंडी, तिळाच्या वड्या, नऊवारीतल्या काकू, सुटातले काका. परीक्षक तीन. वेळ मोजायला अर्थात रामटेकेकाका, पहिल्या रांगेच्या कडेला छोट्या टेबलाशी. सुजाता माझ्याआधी बोलली. तिने सुरुवातीचं दीड मिनिट माझीच बाजू मांडली, इतकी छान, की मी मनातल्या मनात मान डोलावली. आणि मग ती तिने शांतपणे, एकेक टाका उसवावा तशी उसवली. चारच्या घंटीला समारोपावर आली, पाचच्या आत संपवलं. हॉल गप्प होता. तसं गप्प बसणं मी माझ्या भाषणाला कधी मिळवलं नव्हतं.

आता माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. मी ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ करत दोन मिनिटं काढली. मागे कुणीतरी वडीचा कागद सोडत होतं, तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. टाळी नाही. चार मिनिटांची घंटी झाली. आणि मग माझं तोंड माझ्यापुढे धावलं.

“मित्रहो, पुरावा हवा? पुरावा याच सभागृहात बसला आहे! आज आपल्या सर्वांची वेळ मोजणारे गृहस्थ! खुल्या यादीत, वरून सातवे! त्यांना कुबडी लागली नाही. मग त्यांच्या लेकीला ती का लागावी?”

अशा टाळ्या पडल्या की विचारू नका. सगळ्या माना वळल्या. काही लोक तर चक्क उभे राहून काकांकडे बघत कौतुकाने टाळ्या वाजवत होते, जणू मी त्यांचा सत्कारच केला होता. स्टेजवर बसलेली सुजाता माझ्याकडे बघत नव्हती. ती वडिलांकडे बघत होती. मी बोलत राहिलो. टाळ्यांवर बोलत राहिलो. पाच मिनिटं झाली असतील, सहा झाली असतील. घंटी वाजली नाही.

मंडळाच्या अध्यक्षांनासुद्धा अर्ध्या वाक्यात थांबवणारा तो माणूस बटणावर बोट ठेवून नुसता बसून राहिला होता.

एका परीक्षकांनी माझ्या वेळेबद्दल शंका काढली. दुसरे म्हणाले, वेळेची घंटा झाली नाही, तेव्हा गुण कापता येणार नाहीत. पहिलं बक्षीस मला. सुजाताला दुसरं. कप घेऊन मी काकांच्या टेबलाशी गेलो. ते घंटी रुमालात बांधत होते. गाठ नीट बसत नव्हती.

“काका, ते ओघात…”

“चूक माझी आहे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “वेळ मोजायला बसलो होतो. मोजली नाही.”

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्याच सीटवर, मांडीवर कप. रामटेक्यांच्या घरात मराठीच बोलायची असा दंडक होता. सुजाता फार चिडली तरच हिंदीत जायची. यमुनेच्या पुलावर ती म्हणाली, “बाबा, ये सच है?”

“हो.”

“तो मुझे बताया क्यों नहीं?”

पूल संपेपर्यंत काका काही बोलले नाहीत. आयुष्यभर पोरांना पाच मिनिटांत काय काय सांगता येतं हे शिकवणारा माणूस. मग म्हणाले, “थंडी आहे. खिडकी लावून घे.”

सुजाताने फॉर्म भरला. आरक्षणाच्या रकान्यात तिने आडवी रेघ मारली. हे काकूंनी आमच्या स्वयंपाकघरात आईला सांगितलं, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत धिरडं खात होतो. “हे तिला काहीच बोलले नाहीत. सही करून दिली. म्हणाले, तिची वही आहे, उजवं पान तिचं.” निकाल लागला. खुल्या यादीत ती थोडक्यात राहिली. खूण केली असती तर दिल्लीतच प्रवेश होता. पुढच्या वर्षी पुन्हा बसली, पुन्हा रेघ, पुन्हा थोडक्यात. मग ती रसायनशास्त्र शिकली, आणि पुढे नोएडाच्या एका कॉलेजात ते शिकवायला लागली. सोसायटीत ताप आलेल्यांकडे थर्मामीटर घेऊन जाणं तिने त्या उन्हाळ्यातच बंद केलं.

आणि गुणवत्तेचे पुरस्कर्ते? पुरस्कर्त्यांना पदवीला असे गुण पडले, की एमबीएला कुणी दारात उभं करीना. बाबांनी प्रॉव्हिडंट फंड फोडला आणि दक्षिणेत एका कॉलेजात डोनेशन भरून माझी सीट घेतली. ‘मॅनेजमेंट कोटा’ असं तिचं नाव होतं. कोटा! त्या शब्दावर मी तेव्हा हसलोसुद्धा नाही, एवढा मी माझ्या कामात होतो. निघायच्या आदल्या दिवशी रामटेकेकाका चार जिने चढून आले. लिफ्ट नुकतीच लागली होती, पण बंद होती. हातात नागपूरची संत्रा बर्फी. मी मनाची तयारी केली, आता एखादा टोमणा येणार, गाळून पिण्यासारखा. मला तो हवा होता.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “मन लावून शिक.”

बर्फी मी खाल्ली. अजून संत्र्याचा वास आला की मला ते चार जिने आठवतात.

गुडगावात काचेच्या इमारतीत नोकरी लागली, लग्न झालं, पोट सुटलं. मीटिंगमध्ये मला ‘उत्तम बोलणारा’ म्हणून पुढे करायचे. काकांकडे जायचं मात्र मी टाळत राहिलो. दिवाळीला नुसता पाय लावून यायचं: पाच मिनिटं, चकली, निघालो. ते निवृत्त झाल्यावर, तब्येत उतरल्यावर, एका रविवारी मात्र धीर करून गेलो. घंटी शोकेसमध्ये होती. म्हटलं, “काका, त्या दिवसाबद्दल बोलायचंय. मी फार मोठी चूक केली. मला तेव्हापासून…”

त्यांनी हात वर केला. “ही झाली तुझी बाजू. डावं पान आधी.”

मी तयारी करूनच गेलो होतो. उभा राहिलो. “तुमची बाजू मांडतो. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकला, आणि…”

“मी नाही,” ते म्हणाले. “समोरची सुजाता आहे. तिचं बोल.”

मी तोंड उघडलं. ‘माझं नाव सुजाता रामटेके.’ पुढे? तिला कोणती डॉक्टर व्हायचं होतं, मुलांची की हाडांची? ती रेघ मारताना तिने काय म्हणून मारली, रागाने की अभिमानाने की माझ्या तोंडावर? दुसऱ्या निकालाच्या दिवशी ती कुठे होती? एका मिनिटात मी संपलो. काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

“चार मिनिटं शिल्लक आहेत.”

“तयारी नाही, काका.”

“हो ना. मग तयारी करून ये. मी आहे.”

ते राहिले नाहीत. मी तयारीला लागलो नाही, आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी काका गेले.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये होती. अध्यक्ष म्हणाले, “शिरीष, तू बोल, तू त्यांचा पट्टशिष्य.” टेबलावर घंटी होती आणि टेबलाशी सुजाता, मंडळाची वेळ आताशा तीच मोजायची. मी उठलो आणि, काय सांगू, पुन्हा तेच केलं. सिंधू संस्कृती सांगितली, टँकर सांगितला, शीतपेय गाळून पिणं सांगितलं. लोक डोळे पुसत पुसत हसत होते. छान चाललं होतं. टिंग. चार मिनिटं.

हॉलभर चेहरे पुढच्या किश्शाची वाट बघत होते. मी म्हणालो, “संक्रांतीच्या त्या स्पर्धेत मी काकांचा शब्द मोडला. तुम्ही बऱ्याच जणांनी तेव्हा टाळ्या वाजवल्यात. ते वाक्य काकांना लागलं असं मी समजत होतो. ते लागलं सुजाताला. तिची बाजू मांडायला काकांनी मला सांगितलं होतं, पण ती मला अजूनही माहीत नाही, कारण मी कधी तिला विचार…”

टिंग टिंग.

अर्ध्या शब्दावर. मी खाली बसलो. टाळी नव्हतीच, शोकसभेत नसते.

लोक पांगल्यावर ती रुमालाची गाठ मारत माझ्याजवळ आली. केस बरेच पांढरे झाले होते.

“वाक्य अर्धं राहिलं ना तुझं?”

“हो.”

“राहू दे. लोकांना सांगून काय होणार? मला विचारायचं होतंस ना? एकोणीस वर्षं झाली त्याला, आणि तुझ्या आईबाबांचं घर याच बिल्डिंगमध्ये आहे, यार.” मग चालता चालता, अगदी काकांच्या सुरात, “रविवारी ये. वही आण. आणि प्लीज, बोलायला येऊ नको.”

मी नवी वही घेऊन गेलो. मुलांची डॉक्टर व्हायचं होतं तिला. ती बोलत होती, काकू मधून चहा आणत होत्या, आणि मी लिहीत होतो. घंटी शोकेसमध्येच होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. दुपार झाली तेव्हा डाव्या बाजूची अकरा पानं भरली होती.

उजवी अकरा कोरी आहेत. त्यांवर लिहायचं काय, हे मला अजून सुचलेलं नाही.